दोन इंच फोम

२०२६ च्या जानेवारीत रेल्वेच्या दोन बातम्या आल्या. पहिली सगळ्यांनी पाहिली, वाचली, एकमेकांना पाठवली: हावडा ते कामाख्या मार्गावरची पहिली वंदे भारत स्लीपर १७ तारखेला पंतप्रधानांनी माल्दाहून रवाना केली. दुसरी बातमी चेन्नईची. तिथल्या रेल्वे विभागाने १ जानेवारीपासून निवडक दहा गाड्यांमध्ये साध्या, बिगर-एसी स्लीपरच्या प्रवाशांनाही मागितल्यास चादर-उशी द्यायचं ठरवलं. चादर, उशी आणि अभ्रा मिळून ५० रुपये, नुसती चादर हवी असेल तर २० रुपये.

नव्या गाडीच्या आतल्या दिव्यांचं, आपोआप उघडणाऱ्या दारांचं आणि मऊ गाद्यांचं वर्णन पुरेसं झालं आहे. मला पन्नास रुपयांच्या त्या उशीबद्दल लिहायचं आहे. तिच्यामागे शंभराहून जास्त वर्षांचा झगडा आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्या मुंबई–चेन्नई मार्गावर लिहिलं गेलं आहे. साध्या माणसाला रात्रीच्या गाडीत पाठ टेकायला जागा मिळणार की नाही, एवढाच तो प्रश्न.

१२ सप्टेंबर १९१७. गांधीजींनी मुंबईत मद्रास मेलचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं. भाडं तेरा रुपये नऊ आणे. डब्याची क्षमता २२ उतारूंची, तीही फक्त बसण्यापुरती. अंग टाकता येईल असा बाक त्या डब्यात नव्हता, आणि मद्रास गाठेपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या. पुण्यापर्यंत आकडा बावीसच्या वर गेला नाही, कारण आतल्या धटिंगण उतारूंनी बाकीच्यांना दारातच अडवलं. दोन-तीन हट्टी माणसं सोडली तर सगळ्यांनी रात्र बसूनच काढली. रायचूर आलं आणि लोंढा आवरेनासा झाला. रेल्वेची माणसं यायची ती आणखी उतारू आत कोंबायला. एका मेमण व्यापाऱ्याने विरोध केला, गाडीतली ही माझी पाचवी रात्र आहे म्हणून सांगितलं. गार्डने उलट त्याचाच पाणउतारा केला. त्या रात्री बराच वेळ डब्यात ३५ माणसं होती. कोणी खालच्या घाणीतच आडवं झालं, कोणी उभ्यानेच रात्र काढली. एकदा तर मारामारीच व्हायची, ती काही वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून टाळली.

हे सगळं गांधीजींनी २५ सप्टेंबरला रांचीहून वृत्तपत्रांना कळवलं. दक्षिण आफ्रिकेतून परतून त्यांना अडीच वर्षं झाली होती, आणि त्यातला पाव हिस्सा त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात काढला होता, तोही आपखुशीने. त्यामुळे त्या पत्रात दयेचा सूर नाही. स्टेशनावरच्या चहाचं, न धुतलेल्या संडासाचं, बाकाखालच्या कचऱ्याचं त्यात तक्रारवहीत लिहावं तसं रोखठोक वर्णन आहे. आणि एक हिशोब आहे. मद्रासच्या प्रवासात पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून जास्त आहे. मग पहिल्या वर्गाला जेवढं सुख मिळतं त्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी तिसऱ्या वर्गाच्या वाट्याला येतं का? पाचपटीचा हा हिशोब वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आज हाच प्रवास एका रात्रीचा आहे. दुपारी सीएसएमटीहून सुटणारी चेन्नई एक्स्प्रेस पकडली तर बोरघाट उजेडात दिसतो. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात वडापावाची एक फेरी होते आणि गाडी चढाला लागते. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ १८६३ मध्ये खुला झाला. त्याचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईला आल्यावर काही आठवड्यांतच वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट हातात घेऊन घाट तडीला नेला. तिचं नाव निदान इतिहासात राहिलं. पटकीने आणि तापाने जे हजारो मजूर त्या डोंगरात गेले, त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुणे, दौंड, मग भिगवणच्या पुढे उजनीचं पसरलेलं पाणी. कुर्डुवाडीच्या आसपास दिवेलागण. सोलापूरला जेवणाची वेळ होते आणि डब्यातली भाषा बदलायला लागते. बाजारात मराठी आणि घरात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं इथे चढतात. पिढ्यान्‌पिढ्या मागावर राबलेली ही माणसं. शेंगाचटणीची पुडी, कडक भाकरी आणि दही असा त्यांचा डबा उघडला की शेजारच्यालाही आग्रह होतो. टू-एसीच्या डब्यात पडदे असतात. इथे पडदा नसतो, त्यामुळे कोण कुठे आणि कशासाठी चाललं आहे हे तासाभरात सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

मागे एकदा माझ्या समोरच्या बर्थवर सायन-कोळीवाड्यातल्या एक मावशी होत्या. जन्म धारावीचा, मराठी आपल्यासारखंच, फक्त ‘ळ’ जरा जास्त ठसठशीत. नातवाचे कान टोचायला निघाल्या होत्या, चेन्नईहून पुढे आणखी एका रात्रीची बस होती. त्यांनी जुनी सुती साडी घडी घालून बर्थवर अंथरली, तिचं एक टोक उशाखाली खोचलं, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला. एसीने का जात नाही, असं कुणीतरी विचारलं. “अरे बाळा, तिथं खिडकी उघडत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि त्या तिकिटाच्या पैशात पोराची बाळी येते.” पुढे कोणी काही विचारलं नाही.

रात्रीचे दहा वाजले की मधला बर्थ उघडण्याचा नियम आहे. पाठीमागची गादी उचलायची, दोन्ही बाजूंच्या साखळ्या वरच्या बर्थच्या आकड्यांत अडकवायच्या, एकदा हाताने दाबून पाहायचं. खाली बसलेल्याला मान वाकवावी लागते, म्हणून तो नाइलाजाने आडवा होतो. चपला आत सरकवल्या जातात, जाळीच्या पिशवीत पाण्याची बाटली जाते, निळा दिवा लागतो. आठ जणांच्या त्या खणात आठ जण पाठ टेकून झोपतात. भारतातल्या कोट्यवधी लोकांना ही इतकी साधी गोष्ट वाटते की ती कुणीतरी ठरवून, भांडून मिळवून दिली आहे हे आठवणीतच राहत नाही.

पाठीखालची गादी मिळवून दिली ती एका मराठी माणसाने. १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला आणि त्यातले प्रवासी दुसऱ्या वर्गाचे झाले, पण त्यांच्या पाठीखालची फळी लाकडाचीच राहिली. १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे हे समाजवादी प्राध्यापक. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं, आरक्षण संगणकावर नेण्याची पावलं उचलली. आणि दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमधल्या लाकडी फळीवर दोन इंच फोम बसवला.

दोन इंच. पहिल्या वर्गाची गादी काढून त्यांनी समता आणली नाही. वरच्याला खाली ओढायचं नाही, खालच्याला वर उचलायचं, ही त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली ती या गादीसह, आणि सुरुवातीला तिच्यात दुसरा वर्ग सोडून कुठलाच वर्ग नव्हता. सत्तरचं दशक संपेपर्यंत मुख्य मार्गांवरच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत हा फोम पोचला होता. दंडवते मंत्री होते ते जेमतेम सव्वादोन वर्षं.

कोकण रेल्वेसाठी आपण त्यांचं नाव घेतो आणि घ्यायलाच हवं. पण माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हा फोम आहे. कोकण रेल्वेने एका प्रदेशाचं दळणवळण बदललं. फोमने देशातल्या प्रत्येक रेल्वेमार्गावर, प्रत्येक रात्री, मजुराच्या, विद्यार्थ्याच्या, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईच्या पाठीला आराम दिला. त्याचं उद्घाटन झालं नाही, फलक लागला नाही. सुधारणा अशीही करता येते, हे आजच्या रेल्वे भवनाने अभ्यासावं असं आहे.

उलटा प्रयोगही झाला आहे. २००७ च्या सुमारास, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना, साइडच्या दोन बर्थांच्या मध्ये तिसरा बर्थ घुसवण्यात आला. कमाई वाढेल असा अंदाज होता. साइड लोअरवर बसलेल्याला ताठ बसता येईना, मधल्याला कूस वळता येईना. लोक इतके वैतागले की दोनच वर्षांत ते बर्थ काढून टाकावे लागले. माणसाचं शरीर किती जागा व्यापतं हे विसरून कागदावर बर्थ वाढवले की काय होतं, याचा हा धडा.

गाडी इकडे रात्रीतून चाललेली असते. कलबुर्गी, वाडी, यादगीर. मग कृष्णेचा पूल, आणि रायचूर. उत्तरेकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि दक्षिणेकडून आलेली मद्रास रेल्वे, या दोन कंपन्यांचे रूळ १८७१ मध्ये इथे जुळले आणि मुंबई मद्रासला जोडली गेली. रायचूर सोडलं की थोड्याच वेळात तुंगभद्रेचा पूल. या दोन नद्यांमधल्या सुपीक पट्ट्यासाठी बहमनी आणि विजयनगर पिढ्यान्‌पिढ्या लढले. साध्या स्लीपरमध्ये खिडकी उघडी असेल तर पूल आल्याचं झोपेतही कळतं. चाकांचा आवाज पोकळ होतो आणि हवेत एकदम गारवा येतो. गांधीजींच्या डब्यात पस्तीस जण झाले ते या भागात. आजही इथे जनरलच्या तिकिटावरची माणसं दारापाशी आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत येऊन बसतात. मे २०२५ पासून प्रतीक्षायादीवाल्यांना आरक्षित डब्यात बसू न देण्याचा नियम कडक केला गेला. मान्य, ज्याने दोन महिने आधी तिकीट काढलं त्याला त्याचा बर्थ मिळायलाच हवा. पण उतरवलेल्या माणसाने जायचं कसं, याचं उत्तर डबे वाढवूनच देता येईल. दंड वाढवून ते मिळणार नाही.

गुंतकल झोपेत जातं. जाग येते ती कडप्प्याच्या अलीकडे, ‘इडली-वडा’च्या आरोळीने. बाहेर लाल माती, खडकाळ टेकड्या, काळ्या फरशांचे ढीग. उन्हाळ्यात हा टप्पा कठीण असतो, ते लपवण्यात अर्थ नाही. सकाळी नऊलाच पंखे गरम वारा फेकतात, पत्रा तापतो, संडासातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. साध्या स्लीपरची बाजू घेणाऱ्याने ही गैरसोय गोड करून सांगू नये. रेणीगुंट्याला अर्धा डबा रिकामा होतो. तिरुपतीला जाणारे इथे उतरतात आणि जाता जाता शेजाऱ्यालाही ‘गोविंदा’ म्हणायला लावतात. मग दहीभाताची पाकिटं येतात, अरक्कोणम येतं, लोकलचे डबे बाजूने धावू लागतात.

चेन्नई सेंट्रलच्या थोडं आधी पेरंबूर लागतं. मला या सगळ्या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण हेच वाटतं आणि खिडकीतून ते बघायचं बहुतेक जण विसरतात, कारण सामान काढायची घाई असते. इथे इंटिग्रल कोच फॅक्टरी आहे. २ ऑक्टोबर १९५५ ला पंडित नेहरूंच्या हस्ते ती सुरू झाली. डब्याचा आराखडा स्वित्झर्लंडच्या श्लीरेन इथल्या कंपनीकडून घेतलेला. ज्या ७२ बर्थांच्या निळ्या डब्यात आपण आयुष्यभर झोपलो, आई-वडिलांनी डबे उघडले, परीक्षांना गेलो, तो डबा मुळात पेरंबूरचा. त्या जातीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये इथून बाहेर पडला. आता एलएचबीचे डबे आहेत, स्लीपरमध्ये ८० बर्थ, अपघातात एकमेकांवर न चढणारे, अधिक सुरक्षित. हा बदल चांगलाच झाला.

वंदे भारतचा पहिला संचही याच कारखान्यात २०१८ मध्ये तयार झाला. वंदे भारत स्लीपरचा आराखडा इथला, बांधणी बंगळूरच्या बीईएमएलची. आणि डिसेंबर २०२३ पासून धावणारी अमृत भारत, जिच्यात एकही एसी डबा नाही, फक्त स्लीपर आणि जनरल, दोन्ही टोकांना इंजिन, तीसुद्धा पेरंबूरचीच. म्हणजे दोन्ही तऱ्हेच्या गाड्या बनवायची अक्कल आणि हात एकाच ठिकाणी आहेत. कुठली किती बनवायची हे मात्र दिल्लीत ठरतं.

सेंट्रल स्टेशनची तांबडी इमारत १८७३ पासून उभी आहे. बाहेर पडलं की चेन्नई अंगावर येते. समोर मेट्रोचा भुयारी चौक, पलीकडे जॉर्ज टाउनच्या गल्ल्या, त्यांत कागद, पितळ, फटाके, प्रत्येकाची वेगळी गल्ली. तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ मंदिरात दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज दर्शनाला आले होते, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. त्रिप्लिकेनच्या जुन्या हॉटेलांत सांबारात बुडवलेली इडली चमच्याने खायची असते. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. मार्गळीच्या महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, सकाळपासून रात्रीपर्यंत सभागृहांत गाणं चालतं आणि सभांच्या कॅन्टीनमध्ये केळीच्या पानावर जेवायला गाण्याइतकीच गर्दी होते. संध्याकाळी मरीनावर कैरीचे काप घातलेलं सुंडल, आणि हजारो माणसं समुद्राकडे तोंड करून नुसती बसलेली. या शहरात मुंबईची गती आहे, पण दुपारी ते निवांत जेवतं. डोळ्यांच्या ऑपरेशनला आलेले आजोबा, घाऊक साड्या घ्यायला आलेला सोलापूरचा दुकानदार, पहिल्या नोकरीला निघालेली पोरं, ही सगळी स्लीपरच्या दारातून उतरतात. त्यांना दुसरी गाडी परवडत नाही, आणि विमान परवडत असतं तर ती चोवीस तास आधी घरून निघाली नसती.

आता तो पाचपटीचा हिशोब. मुंबई–चेन्नई अंतर सुमारे १,२८० किलोमीटर. साध्या स्लीपरचं तिकीट सहाशे रुपयांच्या आतबाहेर पडतं. वंदे भारत स्लीपरच्या थ्री-एसीचा दर किलोमीटरला २ रुपये ४० पैसे ठरला आहे आणि त्यावर कर. त्या दराने याच अंतराचं तिकीट तीन हजारांच्या वर जातं. म्हणजे पुन्हा पाचपट. फरक इतकाच की १९१७ च्या मद्रास मेलला पहिल्या वर्गाबरोबर तिसऱ्या वर्गाचा डबा जोडलेला होता. नव्या गाडीच्या १६ डब्यांत ८२३ बर्थ आहेत, त्यांतले ६११ थ्री-एसी, १८८ टू-एसी आणि २४ फर्स्ट एसी. साधा स्लीपर त्यात नाहीच. आरएसी नाही, आणि जवळचा प्रवास केला तरी किमान ४०० किलोमीटरचं भाडं.

वंदे भारतला माझा विरोध नाही. ज्यांना परवडतं त्यांनी विमान सोडून रुळावर यावं, हे देशाच्या आणि हवेच्या दृष्टीने चांगलंच आहे. रेल्वेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपर आणि जनरल मिळून बारा डबे आणि एसीचे आठ, हे धोरण असल्याचं मंत्रालय सांगतं, आणि हजारो बिगर-एसी डबे बांधायचा कार्यक्रमही जाहीर झाला आहे. हे सगळं झालं तर आनंदच आहे. पण ज्याने गेल्या काही वर्षांत आपल्या नेहमीच्या गाडीतला एकेक स्लीपर डबा निघून त्या जागी थ्री-एसी लागलेला पाहिला, त्याला धोरणापेक्षा फलाटावर दिसतं तेच खरं वाटणार. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये करोनाचं कारण सांगून थांबवली. करोना गेला, सवलत परत आली नाही. साठीच्या पुढच्या त्या मावशींना स्लीपरचंही पूर्ण भाडं भरावं लागतं.

म्हणून चेन्नई विभागाची पन्नास रुपयांची उशी मला मोलाची वाटते. ती दंडवत्यांच्याच वाटेवरची आहे. वर्ग न बदलता, तिकीट न वाढवता, ज्याला हवं त्याला थोडं जास्त सुख. एसी परवडत नाही म्हणून स्वच्छ चादरही मिळू नये, असा कुठे नियम आहे? मध्य रेल्वेने हा उपक्रम मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्यांत येत्या उन्हाळ्याआधी सुरू करावा. साध्या स्लीपरच्या टाक्यांत सोलापूर आणि गुंतकल या दोन्ही ठिकाणी पाणी भरलं जाईल हे पाहावं. पेरंबूरला बनणाऱ्या अमृत भारतपैकी एक संच या मार्गाला मागून घ्यावा, त्यासाठी मुंबई, पुणे आणि सोलापूरच्या खासदारांनी एकत्र पत्र द्यावं. आणि यापुढे कुठल्याही गाडीतला स्लीपरचा डबा काढायचा असेल, तर त्या गाडीची मागच्या वर्षभराची स्लीपरची प्रतीक्षायादी रेल्वेने आधी जाहीर करावी.